काफुने

बेलेंहून सांतारेंला जाणारी बोट. तीन रात्री.
झोळ्याच झोळ्या,
एकीचा झोका दुसरीच्या बरगडीत.

झेनाइदे बाजारात मासे साफ करते.
लिंबं चोळचोळून धुतले हात,
तरी नखांत एखादा खवला राहतोच.
डावीकडे बारा वर्षांचा इरामार,
दिवसभर आईशी फटकून;
दिवे गेले की पुटपुटतो:
काफुने कर ना.

काफुने, म्हणजे केसांतून बोटं फिरवत राहणं,
काहीच शोधायचं नसताना.
आपलं कुरवाळणं त्याच्या जवळपास जातं.
पण कुरवाळणं आपण मागत नाही सहसा.
तिकडे मागतात,
ताटावर बसल्या बसल्या मीठ मागावं तसं.

दुसऱ्या रात्री पोरगा वरच्या डेकवर पसार.
अर्धवट झोपेत तिचा हात लांबला
तो उजवीकडे.
राठ केस, मधे एक जुना व्रण.
ओस्मारिनो. आरागिरणीतला म्हातारा,
पहिल्या रात्री टोपी घालूनच झोपलेला.

बोटं थबकली.
म्हातारा श्वाससुद्धा जपून घेत होता.
मग घोरू लागला, साफ खोटं,
इतकं खोटं की तिला हसू आलं
आणि बोटं पुन्हा चालू लागली.

सकाळी कोणी काही बोललं नाही.
त्याने इरामारला आपला चाकू दिला,
हवा तेवढा वेळ हाताळायला.

तिसऱ्या रात्री
त्याने टोपी काढून
पोटावर ठेवली.
मागितलं मात्र नाही.