तानुकीचं टपाल

पोस्ट बंद पडून आठ वर्षं झाली,
तरी कियोहाचि-सान भल्या पहाटे निघतात,
हातात काडी, गुडघा कुरकुरत,
बांबूच्या बेटामागे
तानुकींच्या हागणदारीकडे.

जात कुत्र्याची, पण भुंकणं नाही.
डोळ्यांखाली काजळ फिसकटलेलं.
झाडावर चढतो, काकीची फळं ओरपतो,
आणि साऱ्या डोंगराची मंडळी
एकाच जागी बसतात. हुंगतात. निघून जातात.
कोण आलं, काय खाल्लं, कुठून आलं,
सगळं तिथं लिहिलेलं.

कियोहाचि-सान काडीनं उलगडतात:
काकीच्या बिया सहा,
खेकड्याची नांगी,
एक रबरबँड.
"हा खालच्या वाडीतला. दुकान तिथंच उरलंय."

मार्चात जोडी येते, अंगाला अंग घासत.
जूनमध्ये मादी एकटीच, घाईत.
"नवरा पिल्लांपाशी बसलाय," ते सांगतात,
आणि उगाच चष्मा पुसतात.

भ्याला की तो रस्त्यातच आडवा होतो, मेल्यासारखा.
इथं सोंगाला म्हणतातच 'तानुकीची झोप'.
मागं एका ट्रकवाल्यानं बुटानं ढोसून पाहिला,
पोतं आणायला वळला,
तोवर रस्ता रिकामा.

परवा वळणावर एक पडला होता.
कियोहाचि-सान बराच वेळ थांबले,
छत्री मिटून,
हा आता उठेल म्हणून.

आज बेटात एकच आली.
जुना, वाळलेला ढीग हुंगत राहिली,
बसली नाही.