खिडकीची उंची

झिबल मिस्त्री म्हणाला,
"एवढी खालतं खिडकी कोणी ठेवते का, बाई?
उभ्या माणसानं पाह्यचं कसं?"

मी टेप घेतलाच नाही.
मामाजींच्या बाजेवर आडवी झाले,
डोकं त्यांच्याच उशीवर,
डोळ्यांच्या रेषेत कोळशानं खूण केली.
"इथं."

तीन दिवस माती पडत राहिली,
वरणात, दुधात, रेवाच्या दप्तरात.
नणंद फोनवर हसली, साप येईल म्हणे.
भंगारातली चौकट बसली, एका अंगानं कललेली.
कूलरचा निळा रंग उरला होता,
तीन बाजूंना पुरला.

आता त्यांना दिसतो हातपंप,
धुऱ्यावरचा मोह,
कोणाची सायकल कोणाच्या दारात.
लकव्यापासून शब्द त्यांचा
अर्ध्यातच अडकतो,
आम्ही उरलेला ओळखून घेतो, कधी चुकतो.

काल पंचफुलाच्या बकरीनं
मान आत घालून गोळ्यांची पट्टी उचलली.
मी सांधवाडीत भांडी घासत होते.
"हाऽड, सटवे!"
अख्खं. दोन्ही शब्द.

राखेच्या हातांनी धावले.
बकरी निवांत चघळत होती.

हे म्हणतात, उद्या जाळी ठोकतो.
मामाजी डावा हात हलवतात :
नको.