फॉर्मच्या मागच्या बाजूवर

टोरीच्या दवाखान्यात मी काचेमागे बसते,
नावं टाइप करते, रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावते.
त्या मंगळवारी अ‍ॅबर्डीनवर समुद्रावरून धुकं चढलं होतं.
इथले लोक या धुक्याला ‘हार’ म्हणतात,
आणि दर वेळी क्षणभर मला कळत नाही
समुद्र शहराचा सत्कार करतोय
की शहर हरलंय.

कुल्याशबाई आल्या गुडघा धरून.
जावई तेलाच्या कंपनीत, मुलगी बाळंत,
आणि या नातवासाठी कझाकस्तानातून आलेल्या.
नाव झालं, जन्मतारीख झाली,
सहाव्या प्रश्नावर पेन थांबलं :
वंश.
खाली चौकटी. आशियाई एक. युरोपीय एक. इतर काही.
“खूण एकच करायची?”
एकच, मी म्हणाले,
काचेमागे बसलं की आवाजात आपोआप सरकार येतं.

त्यांनी फॉर्म उलटा केला
आणि वरून खाली एक वाकडी रेघ ओढली.

“ही जायिक. नकाशावाले उरल म्हणतात.
हा काठ युरोप, तो काठ आशिया.
माझं प्रसूतिगृह इकडे, पाळणा तिकडे.
मासळीच्या कारखान्यात होते मी बावीस वर्षं,
रोज सकाळी पुलावरून खंड बदलायचे.
वारा दोन्हीकडे तोच.
उशीर झाला की मुकादमाच्या शिव्याही त्याच.”

रेघेच्या तळाशी कास्पियन, पोतडीसारखा.
“आमचं गाव समुद्रसपाटीच्या खाली,” त्या म्हणाल्या,
“तरी पायात धूळच.”

मग पेन न टेकवता हात उजवीकडे नेला,
खूप वेळ, कोऱ्या कागदावरून.
“इथे काही नाही. म्हणजे गवत.
आगगाडी दोन दिवस चालते
आणि खिडकीत तेच गवत बसलेलं असतं.”

मध्ये एक तळं काढलं, कमरेत आवळलेलं :
पश्चिमेला गोडं, पूर्वेला खारं,
मधे भिंत नाही काही नाही.
अरल काढताना मात्र नुसते ठिपके दिले.
“रेघ मारली तर खोटं होईल.”
शेवटी कोपऱ्यात डोंगर, एकावर एक,
आणि तिथे कागद संपला, डोंगर नाही.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी शेवट विचारला.
“एक जाते उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात.
बाकीच्या? तळ्यात. वाळूत.
महासागर त्यांना ठाऊक नाही.”

मी वाईची.
आमची कृष्णा समुद्रापासून हाकेवर जन्मते
आणि त्याला पाठ करून
अख्खा देश ओलांडत दुसऱ्या समुद्राला जाते.
उलटी का होईना, नदी पोचते,
असं मी इतकी वर्षं
काही न विचारता धरून चालले होते.

रांगेतले डग्लस आजोबा खोकले. मुद्दाम.
आमच्याकडे याला दोन डगरींवर हात ठेवणं म्हणतात,
आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.
हे मी बोलले नाही.
बोलायचं कसं? त्या डगरींवर
यांनी हात नव्हते ठेवले,
पाय ठेवून नोकरी केली होती.

चौकटी तशाच रिकाम्या ठेवून
कुल्याशबाई नर्सच्या मागून लंगडत आत गेल्या.

संगणक उत्तराशिवाय पुढचं पान उघडत नाही.
यादीत अगदी खाली एक पर्याय असतो :
‘सांगू इच्छित नाही.’
मी तो निवडला.
बाईंनी तर गुडघा सोडून
सगळं सांगितलं होतं.

मग फॉर्म स्कॅनरमध्ये घातला.
तो एकच बाजू वाचतो.
नियमानं नंतर कागद फाडायचा असतो.
माझ्या खणात, स्टेपलरच्या खाली,
अजून एक गवताळ प्रदेश आहे.