स्मरणिकेसाठी माहिती

कागद घेऊन आलात, बरं झालं.
पण जन्मतारीख मला ठाऊक नाही.
आप्पा फसली सनात जन्मले.
आजी सांगायची, हस्त लागला होता, गाय व्याली होती.
यातलं काय चालेल तुम्हाला?

नाव लिहा : भुजंगराव घाटनांदूरकर, वकील.
गाव : समन्स मोमिनाबादला यायचं,
मामाचं पत्र अंबाजोगाईला.
दोन्ही आमच्याच दारात,
एकाच पोस्टमनच्या हातून.

शेरवानीची वरची गुंडी त्यांना लागायची नाही.
आई लावून द्यायची, दहाला पाच कमी असताना.
मग ते उर्दूत खाकरायचे.
हसू नका. खाकरणंसुद्धा उर्दूत असतं,
जनाब-ए-आलीच्या आधीचं.

गौसोद्दीनचाचा त्यांचे मुहर्रिर.
ते अर्ज लिहायचे उजवीकडून डावीकडं,
आप्पा टिपणं काढायचे डावीकडून उजवीकडं,
मधे मी, टिपकागद घेऊन,
दोघांची शाई उलटी वाचत.

सभेला परवानगी नसायची.
म्हणून वाचनालयाचा वर्धापनदिन
वर्षातून चारदा यायचा.
भाषण पुस्तकांवर : वाळवी कशी लागते,
आतून कशी पोखरते,
वरून कपाट कसं शाबूत दिसतं.
मागच्या बाकावरचा पोलीस
वाळवी एवढाच शब्द टिपून घ्यायचा,
आणि जाताना विचारायचा, वकीलसाब,
आमच्या चौकटीला लागलीय, काय लावू?
रॉकेल, आप्पा सांगायचे. खरंच सांगायचे.

सटव्याची केस लिहून घ्या.
लिहा, की ते हरले.
रेसिडेन्सीचा गोरा साहेब शिकारीला आला होता,
ढोरवाड्यातल्या सटव्यानं त्याचा तंबू
वेठीनं उचलायला नाही म्हटलं,
एवढाच गुन्हा.
आप्पा तीन पेश्या बोलले.
मुन्सिफ भला माणूस, घड्याळ बघत ऐकायचा.
तीन महिने सक्त.
सुटून आल्यावर सटवा पायरीखाली उभा राहिला,
फी द्यायला पैसे नाहीत म्हणाला,
आणि वहाणांचा जोड ठेवून गेला.
आप्पांनी त्याला वर बोलावलं नाही.
हे मी पाहिलं. हेही लिहा.
किंवा नका लिहू, पण मी सांगितलं.

त्याच वहाणा घालून ते सत्याग्रहाला गेले.
सनद गेली. तुरुंगाच्या दारात
सामानाची यादी झाली :
चष्मा एक. घड्याळ एक, बंद.
वहाणा एक जोड, करकरणाऱ्या.
करकरणाऱ्या हे कुणी लिहिलं असेल?
कुठल्या कारकुनाला एवढी सवड होती?

पुढं राज्य बदललं.
झेंडे, पेढे, सगळं तुम्हाला ठाऊकच.
त्या भादव्यानंतर गौसोद्दीनचाचा आले नाहीत.
आप्पा बरेच दिवस, दहाला पाच कमी असताना,
दाराकडं बघायचे.
मी विचारलं नाही.
तुम्ही छापणार आहात का हे?

मग कितीतरी वर्षांनी कोर्टात मराठी आली.
जिच्यासाठी अर्ज केले, लाठी खाल्ली, ती.
पहिल्या दिवशी आप्पा उभे राहिले,
खाकरले,
आणि पुढं शब्दच येईना.
सरकार? महाराज? साहेब?
शेवटी तोंडातून निघालं, जनाब-ए-आली.
सगळं कोर्ट हसलं. तेही हसले म्हणे.
घरी आल्यावर मात्र गुंडी त्यांनी स्वतःच सोडवली,
आईला हात लावू दिला नाही.

फोटो नाही हो.
वहाणा आहेत, माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात.
नेऊन छायाचित्र काढा, पण परत आणून द्या.
मागच्या दिवाळीत सटव्याचा नातू आला होता,
शाळेत मास्तर आहे, कळंबला.
आजोबांच्या हातचं काहीच नाही म्हणाला घरात.
मी त्याला वर बोलावलं,
खुर्ची दिली, चहा दिला, दोनदा.
वहाणा दिल्या नाहीत.