माप

अंगाबरोबर शिवलेला ड्रायसूट, पंचवीस हजार.
नावाजलेला घ्यावा तर लाखाच्या वर.
बायकोनं टेपनं मापं घेतली,
मान, मनगट, घोटा,
वीजबिलाच्या पाठीवर उतरवली.

देवबागेत पहिल्याच बुडीला
डाव्या मनगटातून समुद्र आत आला.
चोरासारखा नाही,
घरच्यासारखा, न विचारता.

होडीत भिवा खवणेकर हसला:
"तुझो आजो लंगोटीवर शिनाणे काढी!"
काढी, खरंच.
आणि पन्नाशीत हाडांत गारठा धरून
खाटेला लागला, तो उठला नाही.

ओटीवर सूट उलटा करून वाळत घातलाय.
बाही तेवढी ठिबकते.
सील नवं लावायचं तर अडीच हजार,
म्हणजे पर्यटकांच्या सहा फेऱ्या.

आत्ता आठवलं,
मापं घेताना डाव्या हातात घड्याळ होतं.
तिला अजून सांगितलेलं नाही.