एक किलो दोनशे

मे महिन्याची दुपार, टिळक नगर,
पंखा पाचवर,
आणि मी लोकरीचे मोजे घालून बघते आहे.
पाय कुकरात ठेवल्यासारखे.
काढ गं, नीलाक्षी म्हणते, माप कळलं ना, बास.
ती पलंगाच्या कडेला,
मांडीवर स्वयंपाकघरातला काटा.
काल त्यावर मी बेसन तोललं होतं,
त्याचा पिवळा वास अजून आहे.

रेनकोट तीनशे दहा.
टॉर्च सत्तर.
डिंकाचे लाडू : डबा न उघडताच तिचा निकाल,
जास्त आहेत.
मेतकुटाची पुडी मात्र तशीच आत सारते.
सगळ्यालाच काटा लावायचा नसतो, म्हणते.

डिसेंबरपासून आम्ही जिने चढत होतो,
तिच्या नव्या टॉवरचे, एकोणीस मजले,
पाठीवर पाच-पाच किलो तांदूळ.
वॉचमनला वाटायचं लिफ्ट बंद पडलीय.
बिचारा रोज माफी मागायचा.
बाराव्यावर कुणीतरी सुकट भाजत असायचं,
तो आमचा थांबा. त्याला आम्ही खिंड म्हणायचो.
गच्चीवरून माहुलची धुराडी दिसायची,
नीलाक्षी त्यांना तिकडच्या शिखरांची नावं द्यायची,
उच्चार मुद्दाम चुकवत.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता,
कोपऱ्यांवर मिठाची बरणी, लोणचं, तिचा चष्मा,
माझ्या बीपीच्या गोळ्या.
दहा दिवस, तीन देश, आणि प्रदक्षिणा एकाच डोंगराला.
तंबू एक. तोही वाटून घेतलेला :
कापड तिच्याकडे, काठ्या नि खुंट्या माझ्याकडे.
एक किलो दोनशे. एक किलो दोनशे.
इतकी सरळ वाटणी आमच्या घरात नाही झाली,
ती म्हणाली होती.
भावांनी तिला काय दिलं ते मला माहीत आहे.

मग बीकेसीतल्या त्या गारठलेल्या खोलीत
दहाही बोटांचे ठसे.
एकतीस वर्षं रक्तपेढीत
दुसऱ्यांची बोटं टोचली हिने,
हिचे ठसे उमटेनात.
स्पिरिटने झिजले असतील.
पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा, मुलगी म्हणत राहिली.

पंधरा दिवसांनी पासपोर्ट आले.
तिच्या पाकिटात एक कागद जास्त.
परत जाण्याचा आपला इरादा
खात्रीचा वाटत नाही.

दोनदा वाचलं तिनं. मग हसली, फार वेळ.
दिवाळीला पनवेलला गेली
तरी रात्री परतणारी बाई,
कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणून.

मी म्हटलं, मग मीही नाही जात.
चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
पाचव्या दिवशी दारात, हातात पिशवी,
आत तंबूचं कापड, घट्ट गुंडाळलेलं.
शिवणींवरून तिनं मेण फिरवलं होतं.

आता तंबू सगळा माझा. दोन किलो चारशे.
काय काढायचं यावरून आमचं भांडण चाललंय.
ती दुसरा स्वेटर काढते, मी परत कोंबते.
ती पुस्तक काढते, पावडर काढते,
टॉवेल कात्रीनं अर्धा करते, मला न विचारता,
टूथब्रशची दांडी मोडते.
लाडू मोजून दहा देते,
दिवसाला एक.
डब्यात दहा उरतात.
हे मी खाईन, म्हणते, रोज गच्चीवर जाऊन.
इथे साडेसहा म्हणजे तुझे तीन.
खिंडीत बसली असशील तेव्हा.

सॅक पाठीवर चढवते. ती मागून पट्टे ओढते,
जरा जास्तच.
वाकून बघते, दुखतंय का विचारत नाही.

आणि झोपताना, मी विचारते,
तंबूत मी कुठे?

डावीकडे, ती म्हणते.
उजवी माझी.
तिथे बूट ठेवू नकोस.