गंज कोणाच्या नावावर

समाजमंदिराच्या कोठीत सात गंज आहेत.
म्हणजे, वहीत आहेत.
वही लिहायचे उरकुडाजी नाकाडे:
पहिल्यांदा ज्यानं उचलला त्याचं नाव, तारीख, अंगठा.
एका घराला दोनच, असा नियम.

मी रात्री हेच काम करते, पगारावर,
पालांदूरच्या पुढे, पत्र्याखाली, वीज असली तर.
फोनमधला कॅमेरा मेमरी मागतो,
तीच पडदा वापरतो, तीच व्हिडिओ वापरतो,
एकच तुकडा, हातोहात,
आणि कर्नेलच्या वहीत नाव कॅमेऱ्याचं.
कॅमेरा बंद होतो. तुकडा उरतो,
मेलेल्याच्या खात्यावर.
मग मर्यादा भरली की कर्नेल
जो सगळ्यात जाड दिसेल त्याला मारतो.
काल गाणं वाजवणाऱ्याला मारलं.
त्याचा काही संबंध नव्हता.

शेवंताच्या लग्नातला गंज
तेरवीला गेला कापगत्यांकडे,
तिथून ढिवर मोहल्ल्यात, बारशाला.
वही म्हणते, शेवंताचा बाप.
"मी तं कवाचाच देऊन टाकला,
माह्यावरच काहून?"
पोराच्या लग्नात त्याला गंज मिळाला नाही.
वरण बादल्यांत शिजलं.

वापरतील त्या सगळ्यांवर पूर्ण धरला
तर सात गंजांचे एकवीस होतात.
वाटून धरला
तर एकानं सोडला की बाकीच्यांचं ओझं फुगतं,
झोपेत, काही न करता.
शेवटी एवढंच जमलं:
देताना सांगायचं, घेणाऱ्यानं हो म्हणायचं.
हो म्हटलं की ओझं त्याचं.
बावीस ओळी. सातव्यांदा पाठवल्या.

उरकुडाजी माघात गेले.
वहीत त्यांच्या स्वतःच्या नावावर एक गंज आहे, चार नंबरचा.
अंगठा नाही, सही आहे, वळणदार.
सून म्हणते घरात नाही.
नातू म्हणतो कधी नव्हताच.
खोडायला कोणी धजत नाही:
खोडलं तर गंज गेला,
ठेवलं तर म्हातारा अजून देणं लागतो.

पहाटे बिल्ड चालू ठेवून न्हाणीत गेले.
आईनं धानाचं बी भिजत घातलं होतं
मिठाच्या पाण्यात; पोचट दाणे वर आले होते.
ओंजळीनं ते काढताना
काठावरचा ठोकलेला आकडा बोटांना लागला.

"हा आपल्याकडं कवापासून?"

"राहू दे," ती म्हणाली,
"भरलेला हाये."